भेंडाचं तीनपंखी विमान

दिवाळी सरली की आमच्या भिंगारात वारा पडतो. पडतो म्हणजे अगदी अंगच टाकून देतो. दोरीवरचं पातळ हलत नाही, शेकोटीचा धूर सरळ वर जातो आणि पुढं कुठं जावं ते न सुचल्यासारखा तिथंच रेंगाळतो. संक्रांत जवळ आली की हाच वारा पतंगांसाठी म्हणून उठून बसतो. मधले सहा-सात आठवडे मात्र सगळ्या सकाळी अशा निश्चल असतात. लोकांना हे दिवस फार आवडतात. हुरडा, ओला हरभरा, बोरं, उन्हाला पाठ देऊन बसणं. मलाही बोरं आवडतात. दात होते तोवर जास्त आवडायची. पण या दिवसांत माझ्या जिवाला एक चुटपुट लागते ती लागतेच. वारा पडलेली सकाळ बघितली की वाटतं, आता कुणीतरी हातातून काहीतरी सोडणार आणि ते परत यायचं नाही.

यंदा त्यात तबस्सुमची भर पडली. ही आमच्या शेजारच्या घरातली मुलगी. नागापूरच्या एका कारखान्यात यंत्रांवर काम करते, वय असेल सव्वीस-सत्तावीस, बोलायला फटकळ. रविवारी सकाळी आमच्या घरासमोरच्या मैदानात विमान उडवते. फोमच्या शीटमधून ब्लेडनं कापलेलं, गोंदानं चिकटवलेलं, हातात घेतलं तरी काही घेतलंय असं वाटू नये इतकं हलकं. पोटात इवलीशी बॅटरी, नाकावर पंखा, आणि तिच्या गळ्यात रिमोटची पेटी. "लग्नाचं वय झालं आणि विमानं कसली उडवतेस?" असं मी तिला चिडवते. "आजी, नवरा रिमोटवर चालत नाही ना, म्हणून," असं ती म्हणते. एवढ्यावर आमचं दोघींचं छान चाललेलं असतं.

दिवाळीनंतरच्या तिसऱ्या रविवारी मी पायरीवर मेथी निवडत बसले होते. डोक्यावरून भुंग्यासारखा आवाज गेला म्हणून वर पाहिलं, तर एकावर एक तीन पंख. तिनं नवीन विमान केलं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. माझे हात थांबले. मेथीची जुडी मांडीवरून खाली घरंगळली तरी मी वरच बघत राहिले. सत्तर वर्षांपूर्वी याच मैदानावर, अशाच बिनवाऱ्याच्या सकाळी मी तीन पंखांचं छोटं विमान जाताना पाहिलं होतं. त्याच्या पंखांना खळ लावणारी बोटं माझीच होती.

*

आमचे बाबा टोप्या करायचे. छावणीतले साहेब उन्हात घालतात त्या जाड पांढऱ्या, खाकी सोला टोप्या. बाजारातल्या आमच्या दुकानाला पाटी नव्हती. दारात उलटी टांगलेली टोपी हीच पाटी. टोपी बाहेरून कापडाची दिसते, पण आत असतं भेंड. पाणथळ जागी उगवणाऱ्या झाडाचा गाभा तो. पांढराशुभ्र, नखानं दाबला तर खड्डा पडावा इतका मऊ. लग्नातली बाशिंगं त्याचीच होतात. भेंडाचे गठ्ठे रेल्वेनं लांबून यायचे. बाबा लांब पात्याच्या सुरीनं एकेका कांडाचे पातळ पापुद्रे, म्हणजे चकला, सोलत जायचे, आणि मी गव्हाच्या पिठाच्या खळीत दोन बोटं बुडवून त्या चकला डोक्याच्या आकाराच्या लाकडी साच्यावर, कलबुतावर, आडव्या-उभ्या चिकटवत जायची. आडवी एक, उभी एक, म्हणजे टोपी चिरत नाही. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. शाळेत माझं गणित कच्चं होतं, पण खळ लावण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, पुढं त्याचा संबंध आहे.

टोपी झाली की बाबा ती एका बोटावर तोलून बघायचे. पुढं झुकली की नापास. "फुडं जड झाली की टोपी सायबाच्या नाकावर पडती," ते म्हणायचे, "आन मग सायब आपल्या बोडक्यावर पडतो." टोपीच्या बाजूंना हवेसाठी भोकं असतात, त्यांत पितळी चकत्या बसवायच्या. एक चकती चुकून पुढं सरकली तरी टोपीचा तोल जातो. ही विद्या मी खळीसारखीच बोटांनी शिकले होते. मला वाटायचं जगात ज्याला ज्याला वजन आहे त्याला हाच नियम लागू असणार.

माझा भाऊ शमुवेल सतरा वर्षांचा होता. आम्ही त्याला शमूदादा म्हणायचो. त्याला टोप्यांचा मनस्वी कंटाळा. लढाई सुरू होऊन चार वर्षं झाली होती, आणि आमच्या डोक्यावरून अधूनमधून विमानं पूर्वेकडं जायची. आवाज आला की हा हातातलं काम टाकून रस्त्यात. बाबा ओरडायचे, हा आवाज विरेपर्यंत परत यायचा नाही. "टोपीखालचं डोकं रिकामं आसलं तरी टोपीला चालतं बाबा," तो म्हणायचा, "इमानाला न्हाई चालत." त्याला विमानाचा फिटर व्हायचं होतं. नाताळानंतर भरतीवाले येणार होते. वयाची अठरा पुरी नसतील तर कागदावर बापाची सही लागते, असं तो कुठून तरी ऐकून आला होता. त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय राहिला नाही.

आईचा मामा पहिल्या लढाईत बसऱ्याला गेला तो परत आला नाही. त्याचं एक पितळी बक्कल आमच्या घरी होतं, बस्स. त्यामुळं आई नको म्हणालीच नाही. भरतीचं नाव निघालं की ती भाकरी थापायची थांबायची. थापटण्याचा आवाज बंद झाला की घरात सगळ्यांना कळायचं. मग दादा विषय बदलायचा आणि भाकरी पुन्हा सुरू व्हायची.

बाबांचा स्वभाव असा, की त्यांना नाही म्हणणं जमायचंच नाही. गिऱ्हाइकाला नाही, पाद्रीसाहेबांना नाही, आम्हाला नाही. त्यांनी पळवाट काढली. एक दिवस जेवताना म्हणाले, "ज्याला हातायवढं इमान उडवता येत न्हाई, त्यानं सायबाच्या इमानाला हात लावू ने. तू एक इमान कर. मैदानातल्या बाभळीपासून त्या चुन्याच्या दगडापत्तोर जाऊ दे. नाताळाच्या आत गेलं तर मी सही करतो, न्हाई गेलं तर गप कलबुतावर बस."

बाभळ ते दगड म्हणजे शंभरेक पावलं. बाबांना खात्री होती. आईनं थापायचं थांबवलं नाही, म्हणजे तिलाही खात्री वाटली असावी. दादा मात्र ताटावरून उठून नाचायचाच बाकी राहिला होता.

*

तीन पंख कशाला, असं मी त्याला पहिल्याच दिवशी विचारलं. टोप्यांच्या आत घालायला आम्ही साहेबांच्या बंगल्यांतली रद्दी आणायचो, त्यात त्याला आधीच्या लढाईतल्या तीनपंखी विमानाचं चित्र सापडलं होतं. पण खरं कारण वेगळंच होतं. भेंडाचं चांगलं कांड दीड वितीपेक्षा लांब मिळत नाही. एक लांब पंख करायचा तर मध्ये जोड येतो, आणि जोड आला की तिथं मोडतो. "लांबीला न्हाई तर उंचीला," दादा म्हणाला. एकाच्या जागी तीन आखूड पंख, एकावर एक. मला ते इतकं पटलं की तो मोठा इंजिनिअर होणार अशी माझी त्याच क्षणी खात्री झाली.

ते दिवस मला आजही हातांना आठवतात. दुकानाच्या मागच्या पडवीत कोवळं ऊन यायचं. खळीचा आंबूस वास, सोललेल्या भेंडाचा वास. भेंडाला तसा वास नसतो, पण ऊन लागलं की धुतलेल्या कपड्यासारखा काहीसा येतो. विमानाच्या पाठीला बांबूची कामटी. पंख एकमेकांपासून दूर धरायला बांबूच्या काड्या, आणि त्या टोचून बसवायला बाभळीचे काटे. हे काटे मी वेचायची आणि बोटं रक्ताळून घ्यायची. पंखा पांगाऱ्याच्या लाकडाचा. पांगाऱ्याइतकं हलकं लाकूड आमच्याकडं दुसरं नाही. हा पंखा फिरायचा तो पिळलेलं रबर सुटण्याच्या जोरावर, म्हणून रबर हवं होतं. लढाईमुळं सायकलची जुनी ट्यूबसुद्धा कुणी फेकत नव्हतं. दादानं एका मास्तरांची सायकल आठ दिवस पुसून दिली तेव्हा कुठं एक फाटकी ट्यूब मिळाली. तिच्या दोरीसारख्या पट्ट्या आम्ही कापल्या. पंखा नीट फिरायला मधे काचेचा मणी लागतो. तो मी माझ्या गळ्यातल्या माळेतला काढून दिला.

"रूथे, तुझा मणी इमानात बसून ब्रह्मदेशाला जानार बघ," दादा म्हणाला. मला फार आनंद झाला. त्या विमानाचा आणि त्याच्या जाण्याचा संबंध माझ्या डोक्यात अजून नीट बसलाच नव्हता. तेराव्या वर्षी माणूस खळ लावण्यात हुशार असतो, पुढचं बघण्यात नसतो.

पहिल्यांदा उडवलं तेव्हा ते बाभळीपासून दहा पावलं गेलं. नाक वर करून चढलं, वर गेल्यावर जागीच घुटमळलं आणि शेपटीवर धपकन खाली आलं. शेपूट मोडलं. दादा खूश. "वर गेलं का न्हाई? नाक वर करतंय म्हंजी जायाची इच्छा हाय त्याला. फकस्त दम कमी पडतोय." मी शेपटीला खळ लावून भेंडाची चकल चिकटवली. दुसऱ्या दिवशी त्यानं रबराला वीस पीळ जास्त दिले. तेव्हा ते आणखी उंच चढलं, तसंच घुटमळलं, आणि आणखी जोरात शेपटीवर आलं. पुन्हा खळ, पुन्हा चकल, पुन्हा पीळ. असे तीन आठवडे. रोज सकाळी तो नवी उमेद घेऊन निघायचा आणि रोज मी मोडकं शेपूट घेऊन परत यायची. मैदानावर म्हशी घेऊन येणारा मुसाभाई म्हणायचा, "शमू, तुझं इमान हाय का कोंबडी? उडती आन बुडावर बसती!"

मधेच एक गंमत झाली. एका दुपारी पडवीत गेले तर आदल्या दिवशी मोडलेलं शेपूट आधीच दुरुस्त झालेलं. मी केलं नव्हतं. दादाला ते जमलंच नसतं. बघितलं तर आडवी एक, उभी एक, कडेला अंगठ्यानं दाबून गोल केलेली चकल. तो हात मी हजारात ओळखला असता. ज्या विमानाच्या न उडण्यावर बाबांची सगळी मदार होती, ते विमान बाबा गुपचूप दुरुस्त करत होते. वाकडंतिकडं काम त्यांना बघवायचंच नाही. नंतर तीन-चार वेळा असं झालं. मी दादाला बोलले नाही, बाबांनाही कळू दिलं नाही. आम्ही दोघं एकाच शेपटीला खळ लावत होतो आणि एकमेकांच्या नजरेला नजर देत नव्हतो.

नाताळाला तीन दिवस उरले होते. आई करंज्यांचं सारण करत होती. मी खोबरं किसत होते. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "ते इमान तूच बनिवतीस ना? समदं तुझ्याच हातचं हाय ना?"

"व्हय."

"मग तूच बघ," ती म्हणाली, आणि सारण ढवळत राहिली.

ते उडू नये, एवढं मी बघायचं होतं. सांगायची गरजच नव्हती. दादा जाणार, म्हणजे त्याचं अंथरूण रिकामं राहणार, रस्त्यातून धावत येऊन तो माझी वेणी ओढणार नाही, आणि कदाचित त्याचंही एखादं बक्कल घरी येणार, हे सगळं मला तेव्हा पहिल्यांदा आणि एकदम दिसलं. मला तो हवा होता. त्याची हौस मोडली तरी चालेल, तो माझ्यावर जन्मभर चिडला तरी चालेल, पण घरात हवा होता. मी खोबऱ्याऐवजी बोट किसून घेतलं आणि ते दुखतंय म्हणून रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा छावणीत टोप्या पोचवायला गेले, दादा पाण्याला गेला. मी डब्यातून तीन पितळी चकत्या घेतल्या. विमानाच्या नाकाचं भेंड सुरीच्या टोकानं कोरलं, चकत्या एकावर एक आत दाबल्या, वरून पातळ चकल चिकटवून कड अंगठ्यानं गोल केली. बाबांनी केली असती तशीच. बोटावर धरून बघितलं, नाक खाली झुकलं. टोपी असती तर साहेबाच्या नाकावर पडली असती. हे आता चार पावलांत तोंडावर आपटणार, नाकाचा चुरा होणार, दुरुस्तीला दिवस उरणार नाहीत. मी विमान जागेवर ठेवलं, हात धुतले आणि देवाची क्षमा मागितली. खोटं कशाला बोलू, क्षमेबरोबर मी विमान पडावं अशी प्रार्थनाही केली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दव पडलं होतं. गवत पायाला गार लागत होतं. वारा नव्हताच. शेवटचा दिवस म्हणून बाबाही आले होते, डोक्याला पटका गुंडाळून. जन्मभर दुसऱ्यांना टोप्या करणाऱ्या त्या माणसानं स्वतः कधी टोपी घातली नाही. मुसाभाई म्हशी सोडून बघायला उभा. आई आली नव्हती.

दादानं पंख्याला पीळ भरले. मी मोजत होते, पण किती झाले ते मला कळत नव्हतं. त्यानं हात डोक्याच्या वर नेला, माझ्याकडं बघून हसला आणि सोडलं.

ते आपटलं नाही. नेहमीसारखं चढलंही नाही. निघालं ते सरळ, आपल्या डोक्याइतक्या उंचीवरून, जणू त्याच्यासाठी तिथं हवेत रस्ताच आखून ठेवलेला होता. तीन पंखांच्या काड्यांतून बारीक सूंऽऽ असा आवाज येत होता. मी मनात म्हणत होते, पड. आता पड. आता तरी पड. ते दगडाजवळ गेलं, दगडावरून गेलं, पुढं गेलं. पीळ संपला तरी ते तसंच तरंगत उतरत उतरत पार ओढ्याच्या काठच्या ज्वारीत शिरलं. दादा ओरडत मागं पळत होता. "या खुदा," मुसाभाई म्हणाला. मी जिथं होते तिथंच उभी राहिले. एकदा हातातून सुटलं की सुटलं. त्याला बोलावता येत नव्हतं, वळवता येत नव्हतं, थांबवता येत नव्हतं. आमच्या विमानाला दोरीसुद्धा नव्हती.

बाबा बराच वेळ त्या ज्वारीकडं बघत राहिले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "लई चांगलं काम केलंस, पोरी." मी मान खाली घातली. त्यांना वाटलं मी लाजले.

बाबांनी सही केली. शब्दाचे पक्के होते ना, आणि नाही म्हणता येत नव्हतं ना. नाताळाला आईनं करंज्या केल्या, त्या सगळ्या दादाच्या डब्यात गेल्या. भरतीवाल्यांच्या मोटारीत बसताना त्यानं माझी वेणी ओढली. "इमान संबाळून ठेव रूथे. आलो की आजून मोठं करू." पावसाळ्याच्या तोंडाशी पूर्वेकडून त्याचं पत्र आलं. तिथं फार चिखल आहे आणि विमानाच्या पोटाखाली झोपायला बरं वाटतं, असं लिहिलं होतं. आणखी एक पत्र आलं. त्यानंतर आलं ते छापील होतं. विमानतळावर बाँब पडले, त्यानंतर तो सापडलेला नाही. बक्कलसुद्धा आलं नाही.

त्या दिवशी आईनं भाकरी थापायची थांबवली नाही. थापत राहिली, थापत राहिली, परातीत पीठ उरलं नाही तरी रिकाम्या परातीवर हात आपटत राहिली. मी तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगून टाकलं. चकत्या घेतल्या, नाकात दाबल्या, वरून चिकटवलं. "मी केलं हुतं आई. तुजं ऐकलं हुतं. तरी उडलं."

तिनं माझ्याकडं बघितलं. खूप दिवसांनी कुणीतरी तिला पाणी द्यावं तसं तिचं तोंड झालं. "केलं हुतंस?"

"व्हय."

"मग देवाच्याच मनात हुतं," ती म्हणाली. "आपल्याच्यानं हुतं तेवढं आपुन केलं. त्याच्याफुडं आपलं काय चालतंय."

या एका वाक्यावर माझी आई पुढची तीस वर्षं जगली. शेजारणींना सांगायची नाही, बाबांना तर नाहीच नाही, पण देवळातून, म्हणजे आमच्या चर्चमधून, येताना कधी माझा हात दाबायची आणि म्हणायची, "आपुन केलं हुतं ना गं?" मी व्हय म्हणायची. मीही त्यावरच जगले. शाळेत मास्तरीण झाले, लग्न झालं, मुलं झाली, म्हातारी झाले. ज्या ज्या वेळी छातीत ती कळ यायची, त्या त्या वेळी मी स्वतःला सांगायची, की तू तुझ्या परीनं अडवलं होतंस. आपण असहाय होतो या गोष्टीचासुद्धा माणसाला केवढा आधार असतो, हे ज्याला तसा आधार लागला नाही त्याला कळणार नाही.

*

तर, तबस्सुम.

त्या रविवारी तिनं विमान उतरवलं आणि माझ्या पायरीवर बसून त्याच्याशी खाटखूट करायला लागली. शेपटीचा एक भाग सुटला होता, तो चिकटवत होती.

"तीन पंख कशाला गं?" मी विचारलं. आवाज जमेल तेवढा साधा ठेवला.

"लहान जागेत पटकन वळतं, आजी. आणि दिसतं पण भारी." मग तिनं विमान वरच्या पंखाखाली दोन्ही हातांच्या एकेका बोटावर तोललं. बाबा टोपी तोलायचे तसंच. नाक वर राहिलं. ती चुकचुकली. पर्समधून दोन रुपयांचं नाणं काढलं आणि चिकटपट्टीनं नाकाला लावलं. पुन्हा तोललं. नाक किंचित खाली झुकलं. "हां, आता बरोबर."

मी म्हटलं, "अगं, नाक जड केलंस तर आपटेल ना ते."

"उलट आहे आजी. शेपूट जड असलं ना, की विमान नाक वर करून चढतं, वर जाऊन दम तोडतं आणि मागं पडतं. सगळ्या नवशिक्यांचं तेच होतं. पडलं की शेपूट तुटतं, मग शेपटीला गोंद लावा, मग शेपूट अजून जड. कितीही जोर लावा, उडणारच नाही." ती हसली. "माझे पहिले दोन महिने यातच गेले. मग कुणीतरी सांगितलं, नाकात थोडं वजन घाल. घातलं, आणि पहिल्याच झटक्यात सरळ गेलं."

"वजन घातलं नसतं तर?"

"तर आजपर्यंत पडतच राहिलं असतं," ती म्हणाली, आणि विमान घेऊन मैदानात गेली.

मी मेथी पुन्हा हातात घेतली. एक काडी निवडली. दुसरी घेतली ती तशीच हातात राहिली. बाबा आणि मी, आम्ही दोघांनी जीव लावून केलेली एकेक दुरुस्ती त्या विमानाला पाडत होती. आम्ही तसंच चालू ठेवलं असतं, तर नाताळ आला असता, गेला असता, विमान कोंबडीसारखं बुडावर बसत राहिलं असतं, आणि माझा भाऊ वैतागून कलबुतावर बसला असता. त्या विमानाला मी नुसतं सोडून द्यायला हवं होतं. त्याला पाडायला म्हणून मी हात लावला, आणि माझ्याच हातानं ते उडालं. देवानं काही केलं नव्हतं. तीन चकत्यांनी केलं होतं.

आई नाही, ते बरं झालं. एवढंच माझ्या मनात आलं. तिनं पुन्हा हात दाबून विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? आणि दुसरं मनात आलं ते असं, की सत्तर वर्षांनी एवढंसं कळून मी आता त्याचं करू काय? तेव्हा ते कळलं नाही म्हणून हातात काही नव्हतं. आता कळलंय, तरी हातात काही नाही. मेथीची काडी आहे.

वर ते भुंग्यासारखं वाजायला लागलं. तीन पंख उन्हात पांढरे दिसत होते, अगदी भेंडासारखे. बाभळ कधीच तोडली, दगडाच्या जागी आता खांब आहे. विमान खांबावरून पुढं गेलं, ओढ्याकडं गेलं, बारीक होत चाललं. मी उठले कधी आणि पायरीवरून उतरून तबस्सुमपर्यंत गेले कधी ते मला कळलं नाही. तिच्या दंडाला धरलं.

"परत आण."

"आजी, आत्ताच तर गेलंय. अजून खूप बॅटरी आहे."

"असू दे. आण परत त्याला."

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. अंगठ्यानं रिमोटवरची काडी हलवली. ओढ्यावरचा तो ठिपका एका अंगावर कलला, वळला, आणि आमच्या दिशेनं यायला लागला. मोठा मोठा होत गेला, पंख दिसले, आवाज आला. येईपर्यंत मी तिचा दंड सोडला नाही.